दीडशे गुणांचा पेपर कसा बांधायचा: चिनी गाओईची सत्रान्त इंग्रजी परीक्षा

चीनमध्ये नववीपर्यंतचं शिक्षण सक्तीचं आहे. पुढची तीन वर्षं उच्च माध्यमिकची: गाओई, गाओअर आणि गाओसान. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी जूनमध्ये विद्यापीठ प्रवेशाची गाओकाओ परीक्षा होते. तिचा इंग्रजीचा पेपर ८ जूनला दुपारी ३ ते ५ या वेळेत असतो. गाओईतलं मूल मात्र पंधरा-सोळा वर्षांचं. सप्टेंबरात नव्या शाळेत आलेलं, आणि जानेवारीत, वसंतोत्सवाची सुट्टी लागण्याआधी, त्याच्यापुढे पहिली सत्रान्त परीक्षा येऊन ठेपते. तिचं चिनी नाव छीमो काओशी. पेपर बहुतेक शाळांत गाओकाओच्याच साच्यात असतो, १५० गुण आणि १२० मिनिटं.

अडचण इथूनच सुरू होते. साचा तीन वर्षांच्या अभ्यासासाठी घडवलेला आणि मुलांचा अभ्यास जेमतेम साडेचार महिन्यांचा. जुना गाओकाओ पेपर उचलून थोडाफार बदलला की निम्मा वर्ग गारद होतो, आणि या सत्रात कोण काय शिकलं हे काही कळत नाही. साचा तोच ठेवून आतला माल या सत्राचा भरायचा, हे खरं काम. चीनमध्ये इंग्रजी शिकवायला गेलेल्यांना त्याची पद्धत लागेलच; आपल्याकडे वेगळे प्रश्नप्रकार शोधणाऱ्या शिक्षकांनाही यातलं बरंच उचलता येईल.

साचा आणि तक्ता

नव्या गाओकाओतली गुणांची वाटणी अशी. श्रवणाचे २० प्रश्न, प्रत्येकी दीड गुण, एकूण ३०. वाचनात चार उताऱ्यांवर १५ प्रश्न, प्रत्येकी अडीच, म्हणजे ३७.५, त्याला जोडून ‘सातातून पाच’ हा प्रकार, १२.५ गुणांचा. भाषावापराला ३०, त्यात १५ जागांचा क्लोझ (उताऱ्यातली रिकामी जागा चार पर्यायांतून भरायची) आणि १० जागांचा व्याकरणाचा उतारा, दोन्ही १५-१५ गुणांचे. लेखनाला ४०: पत्र किंवा ईमेल १५, अपुरी गोष्ट पूर्ण करणं २५. पेइचिंग, शांघाय आणि थ्येनचिनचे पेपर वेगळे असतात, त्यामुळे तिथल्या शाळेत असाल तर आधी स्थानिक साचा मागून घ्या.

उतारे शोधायला बसण्याआधी तक्ता आखायचा. चिनी शिक्षक त्याला दुहेरी तपशिलाचा तक्ता म्हणतात. उभ्या रकान्यात प्रश्न क्रमांक. आडव्यात विषय, कौशल्य (तपशील, अनुमान, शब्दार्थ, आशय), पाठ्यपुस्तकातला धागा आणि अपेक्षित काठिण्य. काठिण्य मोजायची रीत सोपी आहे: सरासरी गुण भागिले एकूण गुण. आकडा जितका मोठा तितका प्रश्न सोपा. गाओईच्या पहिल्या सत्राला संपूर्ण पेपरसाठी ०.६५ धरावं, म्हणजे सरासरी ९७-९८ पडते. उत्तीर्णतेची रेघ ९० वर असते. सरासरी तिच्या खाली गेली तर पालकसभेत मुलांच्या आधी पेपर काढणाऱ्याची हजेरी घेतली जाते.

धागे पुस्तकातून घ्यायचे, उतारे मात्र बाहेरचे. पीपल्स एज्युकेशन प्रेसच्या २०१९ च्या मालिकेत अनिवार्य पुस्तक एकमध्ये पाच घटक आहेत: किशोरवय, प्रवास, खेळ आणि तंदुरुस्ती, नैसर्गिक आपत्ती, जगातल्या भाषा. व्याकरण त्याच क्रमाने येतं: नाम, विशेषण आणि क्रियाविशेषण यांचे पदबंध; भविष्यासाठी चालू वर्तमानकाळ; टॅग क्वेश्चन; मग दोन घटक संबंधी उपवाक्यं. भूतकालवाचक धातुसाधितं (पास्ट पार्टिसिपल) दुसऱ्या पुस्तकाच्या चौथ्या-पाचव्या घटकात येतात. सत्रात दुसरं पुस्तक तिथवर पोचलं नसेल आणि तुम्ही तीच रिकामी जागा ठेवलीत, तर तो प्रश्न खासगी शिकवणीची परीक्षा घेतो, शाळेची नव्हे.

शब्दसंग्रहाचंही तसंच. राष्ट्रीय अभ्यासक्रमात अनिवार्य टप्प्याअखेर सुमारे २००० शब्द अपेक्षित आहेत आणि गाओकाओपर्यंतच्या टप्प्याअखेर सुमारे ३०००. गाओईच्या जानेवारीत मूल पहिल्या आकड्यालाही पोचलेलं नसतं. म्हणून उताऱ्यात शंभर शब्दांमागे तीनहून जास्त अनोळखी शब्द नकोत. त्यातला एखादा अडलाच तर पुढे कंसात चिनी अर्थ द्यायची पद्धत आहे. पण एका उताऱ्यात तीनपेक्षा जास्त कंस लागत असतील तर तो उताराच सोडून द्या.

लांबीचा हिशेब आधीच कागदावर मांडा. चार उतारे अनुक्रमे २००, २८०, ३०० आणि ३२० शब्दांचे, सातातून पाच २५०, क्लोझ २५०, व्याकरण १८०, अपुरी गोष्ट ३३०. बेरीज २११०. प्रश्न आणि पर्याय वेगळे. याच्या वर गेलात तर शेवटच्या २५ गुणांच्या गोष्टीला मुलांच्या हातात दहा मिनिटंही उरत नाहीत.

श्रवण

पहिल्या भागात पाच छोटे संवाद असतात, प्रत्येकावर एक प्रश्न, ध्वनिफीत एकदाच आणि नंतर १० सेकंद. दुसऱ्या भागात चार मोठे संवाद आणि शेवटी एक भाषण, मिळून १५ प्रश्न (२, २, ३, ४, ४ अशी विभागणी सोयीची), फीत दोनदा. आधी प्रश्न वाचायला आणि नंतर उत्तर द्यायला प्रश्नामागे पाच-पाच सेकंद. पर्याय तीनच. सगळं संपल्यावर उत्तरं उत्तरपत्रिकेवर उतरवायला दोन मिनिटं.

सूचनांतलं नमुन्याचं उदाहरण बदलू नका. शर्टची किंमत विचारणारं ते उदाहरण आणि त्याचं उत्तर, नऊ पौंड पंधरा पेन्स, अख्ख्या चीनला पाठ आहे. त्यावर विनोद चालतात. परीक्षेच्या खोलीत तेवढ्या ओळखीच्या आवाजानेही पोरांचा जीव थोडा खाली बसतो.

प्रश्न असा हवा की तिन्ही पर्याय कानावर पडतील, पण बरोबर उत्तर अर्थ लावल्याशिवाय हाती येणार नाही. मुलगा विचारतो, सहाला भेटू या का? मुलगी म्हणते, सिनेमा साडेसहाला आहे, पण तिकिटं काढायला वेळ लागेल, साडेपाचलाच ये. प्रश्न: दोघं किती वाजता भेटणार? साडेपाच, सहा, साडेसहा, तिन्ही वेळा ऐकू आल्या आहेत. नुसता आकडा पकडणारा फसतो. भविष्यासाठीचा चालू वर्तमानकाळ आणि टॅग क्वेश्चन यांची खरी जागा अशा संवादांतच आहे. व्याकरणाच्या उताऱ्यात टॅग क्वेश्चन कोंबला की तो उपरा दिसतो.

मग एक चाचणी घ्या. ध्वनिफीत न ऐकवता फक्त प्रश्न आणि पर्याय एखाद्या सहकाऱ्यापुढे ठेवा. तीन पर्यायांच्या २० प्रश्नांत नुसत्या अंदाजाने सहा-सात बरोबर येतील. दहाच्या पुढे गेले तर प्रश्न गळके आहेत, सामान्यज्ञानावर सुटतात.

मुद्रणात एक स्त्री आणि एक पुरुष आवाज असावा, वेग मिनिटाला १२० शब्दांच्या आसपास. फीत शाळेच्या भोंग्यांवर आदल्या दिवशी पूर्ण वाजवून ऐका, सर्वांत मागच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून. भोंगे घुमतात, आणि फिफ्टीन-फिफ्टीमधला फरक सर्वांत आधी तिथे बुडतो. अशा वर्गात त्या दोन आकड्यांवर प्रश्न ठेवणं म्हणजे भोंग्याची परीक्षा घेणं.

वाचन

पहिला उतारा माहितीपर असतो: जाहिरात, वेळापत्रक, शिबिराची सूचना. त्यावर तीन प्रश्न. नंतर कथन, मग माहितीलेख, शेवटी थोडा वैचारिक किंवा विज्ञानविषयक, प्रत्येकी चार. पंधरा प्रश्नांत सात तपशिलाचे, चार अनुमानाचे, दोन शब्दार्थाचे आणि दोन शीर्षक किंवा आशयाचे अशी वाटणी गाओईला मानवते. शब्दार्थासाठी निवडलेला शब्द मुलांना खरोखरच अनोळखी हवा आणि त्याचा अर्थ आजूबाजूच्या दोन वाक्यांतून निघायला हवा.

चुकीचा पर्याय लिहिताना तो का चुकीचा, हे शेजारी एका ओळीत लिहून ठेवा. उताऱ्यातलेच शब्द घेऊन अर्थ फिरवलेला, खरा पण विचारलेल्या गोष्टीचं उत्तर नसलेला, किंवा उताऱ्याने म्हटलं त्याहून पुढे गेलेला, या तिन्हीपैकी एक कारण तिथे बसलं पाहिजे. बसत नसेल तर तो पर्याय भरताड आहे, मुलं पहिल्या नजरेत त्याच्यावर फुली मारतात. बरोबर पर्याय सर्वांत लांब होण्याची खोड जवळपास प्रत्येक पेपर काढणाऱ्याला असते. शेवटी पर्यायांची लांबी मोजूनच पाहा. उत्तरांची अक्षरं चारही पर्यायांत जवळपास सारखी वाटलेली असावीत.

जुन्या गाओकाओतले उतारे प्रत्येक सराव-पुस्तकात आहेत. त्यातला एक जरी आला तरी तो स्मरणशक्तीचा प्रश्न होतो, वाचनाचा नाही.

सातातून पाच

एका उताऱ्यातली पाच वाक्यं काढून घ्यायची, त्यात दोन जादा वाक्यं मिसळायची आणि मुलांनी योग्य वाक्य योग्य जागी बसवायचं. दिसायला सोपं, बांधायला सगळ्यांत चिवट. कारण इथे चूक एकटी येत नाही. दुसऱ्या जागेचं वाक्य चौथ्या जागी गेलं की दोन्ही जागा चुकतात आणि पाच गुण गेले.

जागा वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा: दोन परिच्छेदाच्या सुरुवातीला, दोन मध्ये, एक शेवटी. प्रत्येक वाक्याला पकडायला एक कडी हवी. वाक्य ‘दे’ने सुरू होत असेल तर आधीच्या वाक्यात अनेकवचनी नाम पाहिजे, ‘हाउएव्हर’ने सुरू होत असेल तर आधी विरोधी बाजू पाहिजे. जादा वाक्यं विषयातलेच शब्द घेऊन लिहायची, पण कडी मोडलेली ठेवायची. नंतर तपासणी: पाच जागा गुणिले सात वाक्यं, ३५ वेळा वाचून पाहायचं. कंटाळवाणं आहे, पण दुसरा उपाय नाही. पाचव्या-सहाव्या वेळी एखादं जादा वाक्य कुठेतरी चपखल बसलेलं सापडतं, आणि तोपर्यंत ते कुणाच्याही लक्षात आलेलं नसतं.

क्लोझ

गोष्टीवजा उतारा निवडा. पहिलं वाक्य अखंड ठेवा. जागा क्रियापदं, नामं, विशेषणं आणि क्रियाविशेषणं यांच्याच. क्रियापदं सर्वांत जास्त. चारही पर्याय एकाच शब्दजातीचे आणि एकाच रूपातले. इथे व्याकरण तपासायचं नाही, संदर्भ तपासायचा.

एक जागा जवळून पाहू. शेवटची बस चुकलेल्या मुलाची गोष्ट आहे. वाक्य असं: ‘द ड्रायव्हर — अॅट हिम अँड ओपन्ड द डोअर अगेन.’ पर्याय: स्माइल्ड, शाउटेड, स्टेअर्ड, लाफ्ड. पेपर काढणाऱ्याच्या डोक्यात स्माइल्ड पक्कं आहे. पण ओरडूनही दार उघडता येतं, नुसतं टक लावून पाहूनही उघडता येतं. उत्तराचा पुरावा कागदावर नाही, काढणाऱ्याच्या डोक्यात आहे. उपाय पर्याय बदलण्याचा नव्हे, पुढच्या वाक्यात पुरावा पेरण्याचा: ‘हिज काइंड फेस मेड द बॉय फरगेट द कोल्ड.’ आता ओरडणं आणि रोखून बघणं बाद, आणि ‘लाफ्ड अॅट’मध्ये चेष्टा आहे म्हणून तेही बाद. पंधरापैकी निदान पाच जागांचा पुरावा असा पुढे ठेवा. जागा दिसताच पर्याय निवडायची सवय मुलांना असते, आणि क्लोझचे गुण तिथेच जातात.

व्याकरणाचा उतारा

दहा जागांपैकी साधारण सात ठिकाणी कंसात मूळ शब्द देतात, तीन ठिकाणी काहीच नाही. गाओईसाठी सातांत काळाची दोन क्रियापदं, एक ‘टू’वालं किंवा ‘इंग’वालं रूप, एक अनेकवचन, एक विशेषणाचं क्रियाविशेषण, एक तुलनावाचक रूप आणि एक शब्दसिद्धी, कोऱ्या तिनांत एक आर्टिकल, एक शब्दयोगी आणि एक संबंधी सर्वनाम.

शेवटचंच सगळ्यांत जास्त दगा देतं. भूकंपावरच्या उताऱ्यात ‘द ब्रिज — फेल डाउन’ अशी जागा आली तर विच आणि दॅट दोन्ही बरोबर. उत्तरसूचीत एकच छापलं की तपासणीच्या खोलीत अर्धा तास वाद. एकच उत्तर हवं असेल तर हूज किंवा व्हेअर येईल असं वाक्य घ्या. आणि जागा वाक्याच्या सुरुवातीला असेल तर मोठं अक्षर नसल्यास गुण कापायचे की नाही, हे छपाईआधी ठरवा. स्पेलिंग चुकलं की दीडही गुण जातात. इथे अर्धा गुण देत नाहीत.

ली ह्वाचं पत्र

छोट्या लेखनात विद्यार्थ्याने ली ह्वा व्हायचं असतं. हा काल्पनिक विद्यार्थी वर्षानुवर्षं परदेशी मित्रांना आणि शिक्षकांना पत्रं लिहीत आला आहे: आमंत्रण, सल्ला, माफी, आभार. कारण व्यावहारिक आहे: खरं नाव लिहिलं तर तपासणाऱ्याला मूल ओळखू येतं. अपेक्षा सुमारे ८० शब्दांची. गाओईला सल्ल्याचं पत्र द्यावं, ते पहिल्याच घटकात लिहून झालेलं असतं. सूचनेत दोनच मुद्दे द्या आणि तेही मोघम: समस्या समजल्याचं सांग, दोन सल्ले कारणांसह दे. मुद्दे चिनीत फार तपशिलाने दिले की मुलं त्यांचं शब्दशः भाषांतर करतात आणि सगळी पत्रं एकाच साच्याची निघतात.

अपुरी गोष्ट

आपल्याकडे मराठीच्या पेपरात ‘अपूर्ण कथा पूर्ण करा’ असतं, त्याच कुळातला हा प्रश्न, फक्त वेसण जास्त घट्ट. ३५० शब्दांच्या आतली गोष्ट, ती ऐन अडचणीत तोडलेली. पुढे दोन परिच्छेद, दोन्हींची पहिली वाक्यं छापून दिलेली. एकूण सुमारे १५० शब्द. २०१६ च्या ऑक्टोबरात चच्यांग प्रांतात तो पहिल्यांदा आला आणि नंतर नव्या पेपरात पक्का झाला.

गोष्टीत पात्रं दोन, फार तर तीन. एखादी वस्तू सुरुवातीला दिसलेली असावी, म्हणजे मुलांना शेवटी ती वापरता येते. आणि दुसऱ्या परिच्छेदाचं पहिलं वाक्य हा सगळ्या रचनेचा खिळा. समजा गोष्ट शाळेच्या शर्यतीची आहे: ‘मी’ आणि मैत्रीण दोघी धावणार, मैत्रिणीचा पाय आदल्या दिवशी मुरगळलेला, तिने ते लपवलेलं. पहिल्या परिच्छेदाची सुरुवात: ‘व्हेन आय सॉ हर टाइंग द शूलेस स्लोली, आय न्यू समथिंग वॉज राँग.’ दुसऱ्याची: ‘द क्राउड वॉज स्टिल क्लॅपिंग व्हेन वी वॉक्ड ऑफ द ट्रॅक टुगेदर.’ आता पहिल्या परिच्छेदाला जागा आहे, पण मोकाट नाही. दोघी मैदानावर एकत्र आल्या पाहिजेत, टाळ्या वाजतील असं काहीतरी घडलं पाहिजे. कसं घडलं, ते मुलांनी ठरवायचं. त्याऐवजी ‘फायनली, वी वन’ दिलंत तर गोष्टच संपली. ‘अ वीक लेटर’ दिलंत तर पहिल्या परिच्छेदात काहीही लिहिलं तरी चालतं, आणि तपासणाऱ्याला मोजायला फूटपट्टी उरत नाही.

छपाईआधी ही गोष्ट स्वतः लिहून पाहा, १५० शब्दांत, गाओईच्या शब्दांत. वीस मिनिटांत जमली नाही तर दोष गोष्टीचा.

उत्तरपत्रिका आणि तपासणी

पर्यायांच्या खुणा टू-बी पेन्सिलीने, आपल्यासारखे गोल नव्हे तर आयताकृती चौकोन भरून. लेखन काळ्या ०.५ मिलिमीटर पेनने. पत्रिका स्कॅन होऊन पडद्यावर तपासली जाते, त्यामुळे चौकटीबाहेर लिहिलेली ओळ तपासणाऱ्याला दिसतच नाही. गोष्टीसाठी ओळी मोजून द्या: एका ओळीत दहा शब्द धरले तर दोन परिच्छेदांना मिळून किमान अठरा ओळी. पडद्यावर फिकट, तिरकं अक्षर वाचवत नाही. छापल्यासारखं गोल, सुटं अक्षर, ज्याला हपेई प्रांतातल्या हंगश्वेइच्या नावाने ओळखतात, ते मुलं घोटतात त्यामागे हेच कारण आहे.

गोष्टीचे गुण पाच पायऱ्यांत देतात: २१ ते २५, १६ ते २० असं खाली. पत्राचे १३ ते १५, १० ते १२ असे. आधी पायरी ठरवायची, मग तिच्यातला गुण. उलट करू नये. गोष्ट १२० शब्दांहून कमी भरली तर दोन गुण वजा. तपासणीआधी सगळ्यांनी तेच वीस कागद वेगवेगळे तपासून आकडे जुळवून घ्यावेत. शक्य असेल तर प्रत्येक गोष्ट दोघांनी तपासावी, फरक चारहून जास्त आला तर तिसऱ्याने.

निकाल लावण्याआधी बहुपर्यायी प्रश्नांचं एकच गणित करा: हुशार आणि कच्च्या मुलांतला फरक प्रश्न दाखवतो का? समजा ४०० मुलं आहेत. एकूण गुणांनुसार वरची २७ टक्के म्हणजे १०८ आणि खालची १०८ वेगळी काढा. एखादा प्रश्न वरच्या ९० आणि खालच्या ४० जणांना आला असेल तर फरक ५०, भागिले १०८, म्हणजे ०.४६. प्रश्न उत्तम. ०.२ च्या खाली गेलेला प्रत्येक प्रश्न उघडून बघा. वरचे ६२ आणि खालचे ५८ असं दिसलं आणि हुशार मुलांतल्या चाळीसेक जणांनी एकाच चुकीच्या पर्यायावर खूण केलेली असेल, तर तो पर्याय बहुधा चुकीचा नसतोच. दोन्ही उत्तरं धरा, उत्तरसूची बदलून गुण पुन्हा काढा, आणि हे सगळं गुणांची यादी वर्गशिक्षकांकडे जाण्याच्या आत उरका.